भुताखेतांची पुस्तके आणि एका पालकाचे म्हणणे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या पुस्तकपेटीत थोरांची चरित्रे असावीत, बोधकथा असाव्यात, विज्ञानाची सोपी पुस्तके असावीत, ह्याविषयी कोणाचे दुमत नसते. वाद उत्पन्न होतो तो पेटीतील दोनचार पुस्तकांवरून. त्यांचे मुखपृष्ठ बहुधा काळे असते. त्यावर पडका वाडा, घुबड किंवा पिस्तूल काढलेले असते. आणि पेटी उघडताच सर्वांआधी हीच पुस्तके नाहीशी होतात. परीकथेचे वय सरलेले आणि मोठ्यांच्या कादंबरीचे वय न आलेले सहावी-सातवीतील मूल भुतांच्या व रहस्याच्या गोष्टींकडे आपण होऊन वळते. त्याला कोणी वळवावे लागत नाही. अशा पुस्तकांविषयी पालक काय म्हणतात, त्यांचे म्हणणे कितपत ग्राह्य मानावे आणि शिक्षकाने त्यावर काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच म्हटले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवून दिले. म्हणजे पुस्तक देणे हे जसे शाळेचे कर्तव्य, तसे त्या पुस्तकाविषयी बोलणे हा पालकाचा अधिकार. तो अधिकार आजवर बहुधा वापरला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. समितीच्या सभेत गळके छप्पर, पोषण आहार आणि गणवेश ह्यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. म्हणूनच दिंडोरी तालुक्यातील एका शाळेच्या समितीत जे घडले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. शाळेचे आणि माणसांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही.

ह्या शाळेला कोणा दात्याकडून पुस्तकांचा एक गठ्ठा मिळाला होता. त्यात भुतांच्या गोष्टींचा एक संग्रह होता. सातवीतील एका मुलीने तो घरी नेला आणि दोन दिवसांत परत आणला. तिसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या वस्तीवर ताक आणावयास जाईनाशी झाली. त्या वस्तीवर एक वृद्ध विधवा एकटी राहते. मुलगी लहानपणापासून तिला आजी म्हणत आलेली, तिच्या अंगणात खेळलेली. आईने विचारले, रागावून पाहिले; मुलगी कारण सांगेना. शेवटी धाकट्या भावाने सांगितले की, पुस्तकातली चेटकीण अशीच ओढ्याकाठी एकटी राहते, रात्री दिवा लावून बसते आणि आपल्याशीच पुटपुटते.

मुलीचे वडील द्राक्षबागाईतदार. दहावीपर्यंत शिकलेले, परंतु तरुणपणी तालुक्याच्या वाचनालयातून आणि एस.टी. स्थानकावरच्या दुकानातून नारायण धारपांची आणि सुहास शिरवळकरांची पुस्तके आणून वाचलेले. त्यांनी पोरीला मारले नाही, पुस्तक फाडले नाही आणि शाळेवर तक्रारअर्जही केला नाही. त्यांनी ते पुस्तक मुलीकडून मागवून स्वतः वाचून काढले आणि समितीच्या सभेत ते बरोबर घेऊन आले. त्यांचा पहिला प्रश्न मुख्याध्यापकांना होता : "गुरुजी, हे तुम्ही वाचलंय का?"

गुरुजींनी ते वाचले नव्हते. ह्यात नवल करण्यासारखे काही नाही. भेट आलेली पुस्तके नोंदवहीत चढवावयाची, त्यांवर शिक्का मारावयाचा आणि पेटीत ठेवावयाची, एवढेच आपल्याकडे बहुधा घडते. परंतु प्रश्न मात्र नेमका होता.

ह्यानंतर त्या गृहस्थांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. मुलांना भीती वाटू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते म्हणाले, मी स्वतः बापाबरोबर रात्रीच्या विजेवर पाणी भरावयास जात असे, तेव्हा चकव्याच्या आणि मुंज्याच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. त्याने माझे काही बिघडले नाही. परंतु आता आपल्या शिवारात बिबट्या आहे. त्याची भीती खरी आहे. त्याच्यासाठी पोराने सावध राहिले पाहिजे, एकटे जाऊ नये, वाकून बसू नये, हातात विजेरी ठेवावी. मुंज्याची भीती खोटी आहे. दोन्ही भीती पोराच्या डोक्यात एकाच कप्प्यात पडल्या, तर खऱ्या भीतीच्या वेळी ते काय करील? आणि तिसरी गोष्ट त्यांनी जरा अडखळत सांगितली. पुस्तकातला वेताळ, खवीस, हडळ ह्यांच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कारण असे कोणी गावात राहत नाही. परंतु एकटी राहणारी म्हातारी गावात राहते. त्या गोष्टीत शेवटी गावकरी मिळून म्हातारीचे घर पेटवून देतात आणि लेखक म्हणतो की गाव सुटले. "हे वाचून पोरगी ताक आणायला जात नाही, इथवर ठीक आहे," ते म्हणाले, "पण उद्या गावात एखादं गुरू दगावलं, तर पोरगी काय म्हणेल?"

सभेत ह्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. नाशिक जिल्ह्यात काम करणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. सुरगाणा, पेठ, कळवण इकडे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना भगत ठाऊक आहे, आणि डाकीण हा शब्द तेथे गोष्टीतला शब्द नसून बाईच्या अंगाला चिकटणारा शब्द आहे हेही ठाऊक आहे. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी भागात बाईला डाकीण ठरवून मारल्याचे, गावाबाहेर घालविल्याचे प्रकार घडलेले आहेत. २०१३ साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे जाहीर करून तिला त्रास देणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात आहे. ज्यांनी ह्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात गोळ्या घालून मारले गेले. गुरांच्या दुधाचा उल्लेख कायद्यात यावा, ह्यावरूनच कळते की ही समजूत केवळ पुस्तकातली नाही. तेव्हा त्या पालकाची शंका फाजील नव्हती.

परंतु ह्याच सभेत दुसरे एक मत निघाले आणि तेही तितकेच ऐकण्यासारखे होते. शेतमजुरी करणारी एक आई म्हणाली की, तिचा मुलगा चौथीपासून पुस्तक म्हटले की उठून जात असे. ह्या वर्षी त्याने रहस्याचे एक पुस्तक चुलीपुढे बसून एका रात्रीत संपविले आणि सकाळी दुसरे मागितले. "तुम्ही पेटी बंद केली, तर त्याचं वाचणंही बंद होईल. मग पुन्हा कोण लावणार?" ती स्वतः निरक्षर होती. तिला पुस्तकात काय आहे हे ठाऊक नव्हते. मुलगा वाचतो एवढे मात्र तिने डोळ्यांनी पाहिले होते. ज्याने वर्गात वाचन शिकविले आहे तो ह्या साक्षीला कमी लेखणार नाही. अक्षरओळख झाल्यावर वाचनाचा वेग आणि दम वाढतो तो पानामागून पान उलटण्याच्या ओढीने. आणि ती ओढ लावण्यात रहस्यकथेची बरोबरी दुसरे कोणतेही पुस्तक करीत नाही, मग ते कितीही उपयुक्त असो.

असे वाद मराठीत नवे नाहीत. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच अद्भुत तिच्यात शिरले. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली आणि तिच्यामागून तशाच कादंबऱ्यांची रीघ लागली. तेव्हाच्या विचारी मंडळींनी ह्या वाचनाने तरुणांचे चित्त वास्तवापासून ढळते असा आक्षेप घेतला. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ह्यांच्यासाठी मुले भाड्याच्या वाचनालयासमोर रांग लावीत आणि घरी ती पुस्तके पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून वाचीत. लपविणाऱ्यांपैकी पुष्कळजण पुढे उत्तम वाचक झाले. काहीजण अर्नाळकरांपाशीच थांबले, हेही खरे. तथापि ते काहीच न वाचणाऱ्यांपेक्षा बरे म्हणावयाचे.

देशोदेशीही हेच झाले. अमेरिकेत १९५४ साली भयानक चित्रकथांविरुद्ध मोठी ओरड झाली, सिनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच इतकी कडक नियमावली लादून घेतली की पिशाच्चे, रक्तपिपासू प्रेते ही सारी चित्रकथांतून हद्दपार झाली. त्याआधी काही गावांत शाळकरी मुलांकडूनच ह्या पुस्तकांची होळी करविली गेली होती. ब्रिटनने १९५५ साली कायदा केला. आपल्या संसदेने १९५६ साली तरुणांस अपायकारक प्रकाशनांविषयीचा कायदा संमत केला. त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा भीषण प्रसंग रंगविले आहेत एवढ्यावरून तो पुस्तकास दोषी धरीत नाही. ते समग्र पुस्तक वीस वर्षांखालील वाचकास गुन्ह्याकडे वा क्रौर्याकडे प्रवृत्त करून बिघडविण्याजोगे आहे काय, असे तो विचारतो. 'समग्र' हा शब्द महत्त्वाचा. एखादे पान उघडून, चित्र पाहून, मुखपृष्ठावरून निवाडा करता येत नाही. पुस्तक शेवटपर्यंत वाचावे लागते. दिंडोरीच्या त्या द्राक्षबागाईतदाराने कायदा पाहिला नव्हता. पण कायद्याने जे सांगितले तेच त्यांनी केले.

पुस्तक समग्र वाचले म्हणजे भुतांच्या सर्व गोष्टी एका जातीच्या नाहीत हे दिसू लागते. सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली म्हणजे वेतालपंचविशी. अकराव्या शतकातील कथासरित्सागरात ती आहे आणि मराठीत ती छापखान्याच्या आरंभकाळापासून वाचली जाते. स्मशान, मध्यरात्र, झाडाला लोंबकळणारे प्रेत, राजाच्या खांद्यावरचा वेताळ. ह्याहून भयंकर सामग्री कोणती? परंतु हा वेताळ करतो काय? तो गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. न्याय कोणाचा, दोष कोणाचा, सांग. ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील. राजाला विचार करून बोलणे भाग पडते. लहान मुलाला अंधाराची भीती वाटते आणि त्याच वेळी त्याची बुद्धी जागी होते, असा हा अपूर्व मिलाफ आहे.

दुसरी जात, जीत भूत शेवटी भूत राहत नाही. शेरलॉक होम्सची 'बास्करव्हिल'च्या कुत्र्याची कथा जगभरची मुले वाचतात. माळरानावर जळत्या तोंडाचा पिशाच्च कुत्रा हिंडतो, घराण्याला शाप आहे असे सारे मानतात. आणि होम्स दाखवून देतो की कुत्रा जिवंत आहे, त्याच्या तोंडाला चमकणारे रसायन चोपडलेले आहे आणि शापामागे वारसाहक्काचा लोभ आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा, सायकलवर बसून संकटात उडी घेतो. त्याचे शस्त्र म्हणजे निरीक्षण आणि धीटपणा. त्याला वाचून कोणी मूल भगताकडे जाणार नाही.

तिसरी जात रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' ह्या बालनाट्यातील चेटकिणीसारखी. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी गाजविली. पुरुषाने रंगविलेली, लांब नाकाची ती चेटकीण पाहून मुले किंचाळतात आणि लगेच हसतात. गावातील कोणत्याही बाईशी तिचे साम्य नाही. त्याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथाही पुष्कळ लिहिल्या; त्या थोर आहेत, परंतु त्या मोठ्यांच्या कपाटात शोभतात. लेखक एकच म्हणून पुस्तक एकाच वयाचे ठरत नाही, हे पुस्तके निवडताना विसरले जाते.

राहिली ती चौथी जात, जीत संशय हाच पुरावा असतो आणि जमाव न्याय करतो. त्या पालकाने बोट ठेवले ते हिच्यावर. रहस्यकथांतही हिची भावंडे आहेत. संशयिताला खुर्चीला बांधून मार द्यावयाचा आणि त्याने कबूल केले की प्रकरण मिटले, असा गुप्तहेर पुष्कळ पुस्तकांत नायक म्हणून मिरवतो. ह्या सद्गृहस्थांचे त्यावरील मतही सभेत निघाले : "विचारून कबूल करवणारा हेर मला चालेल, मारून कबूल करवणारा नको. मारलं तर मीही कबूल करीन." शिक्षणशास्त्रावरील जाडजूड ग्रंथात इतकी उपयुक्त कसोटी क्वचितच सापडेल.

मग त्या शाळेने काय केले? सभेने पुस्तक काढून टाकण्याचा ठराव केला नाही, आणि जसे आहे तसे पेटीत परतही ठेवले नाही. मुख्याध्यापकांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्यांनी पुस्तक वाचले. अकरा गोष्टींपैकी दहा निरुपद्रवी होत्या. तिसरी मात्र तशी नव्हती. आता ती पाने फाडावीत हा सोपा मार्ग होता. परंतु गोष्ट सातवीच्या निम्म्या वर्गापर्यंत तोंडोतोंडी पोचलेली होती; फाडलेल्या पानाने तिची ख्याती वाढलीच असती.

तेव्हा गुरुजींनी शनिवारी, दप्तराविना शाळा होती त्या दिवशी, ती गोष्ट वर्गात मोठ्याने वाचून दाखविली. वाचून झाल्यावर त्यांनी भूत आहे की नाही हा वादच काढला नाही. अनुभवी शिक्षक हे जाणतो की, 'भूत नसते' असे वर्गात सांगितले की मुले होकारार्थी मान हलवितात आणि संध्याकाळी पिंपळाखालून पळत जातात. त्यांनी वेगळाच प्रश्न केला. तुम्ही सर्व होम्स आहात. गावकऱ्यांनी ह्या म्हातारीवर आरोप ठेवला आहे. फळ्यावर पुरावा मांडा. मुले उत्साहाने सांगू लागली आणि एक मुलगा लिहू लागला : ती एकटी राहते. ती रात्री दिवा लावते. ती आपल्याशीच बोलते. तिच्याकडे काळी मांजर आहे. ज्या दिवशी ती वाड्यावर येऊन गेली त्या दिवशी वासरू मेले.

गुरुजींनी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारले, ह्याचे दुसरे कारण असू शकेल का? एकटी का राहत असेल? मुले म्हणाली, मुलगा शहरात कामाला गेला असेल. रात्री दिवा का? म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही. एकीने सांगितले, माझ्या आजोबांनाही येत नाही. आपल्याशी का बोलते? बोलायला कोणी नाही म्हणून. वासरू? जंत झाले असतील, डॉक्टर बोलावला होता का, हे गोष्टीत लिहिलेच नाही. असे करीत फळ्यावरचा सगळा पुरावा पुसला गेला. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "मग त्यांनी घर उगीचच जाळलं." ह्यावर वर्ग बराच वेळ शांत होता. ताक आणावयास न जाणारी मुलगी त्याच वर्गात बसलेली होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही, गुरुजींनीही नाही.

ह्या तासाचे मर्म असे की, भुताच्या गोष्टीवरचा उतारा गुरुजींनी रहस्यकथेतूनच काढला. जी दोन पुस्तके पालक एकाच काळ्या यादीत घालतात, त्यांपैकी एक दुसरीचे औषध आहे. रहस्यकथा मुलाला विचारावयास शिकविते : तू हे पाहिलेस की ऐकलेस? तेव्हा तू कोठे होतास? दुसरे कोणी तेथे होते का? ही सवय एकदा लागली की ती पुस्तकाबाहेरही चालू राहते. आणि हातातल्या भ्रमणध्वनीवर 'खरी घटना' म्हणून फिरणाऱ्या भुताच्या चित्रफितींनाही ती लागू पडते. त्या चित्रफिती कोणत्याही पेटीतून येत नाहीत आणि कोणत्याही समितीपुढे येत नाहीत, हे येथे ओघाने सांगितले पाहिजे. पुस्तकावर रागावणे सोपे असते, कारण ते हातात धरता येते.

निवडीविषयी थोडे. नवीन पुस्तके घेताना किंवा भेट स्वीकारताना एका शिक्षकाने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असावे. सर्व पुस्तके एकानेच वाचण्याची गरज नाही, शाळेतील शिक्षकांनी वाटून घ्यावीत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक शाळेत धूळ खात पडलेले असतात, त्यांत साहसाच्या आणि गूढाच्या उत्तम गोष्टी सापडतात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. तालुक्यातालुक्यांतून इतरही वाचनालये आहेत, तेथील ग्रंथपालाला मुले खरोखर काय मागतात हे शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते, त्याला विचारावे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी मुलांच्या हाती एकेक पुस्तक देऊन छायाचित्र काढण्याची प्रथा पडली आहे. त्याऐवजी त्या दिवशी पालकांना बोलावून एखादी रहस्यकथा निम्मीच वाचून थांबावे आणि उरलेली घरी वाचावयास द्यावी.

दिंडोरीच्या त्या शाळेने देवघेवीच्या नोंदवहीत एक रकाना वाढविला आहे : 'घरी आणखी कोणी वाचले'. त्या संग्रहापुढे मुलीच्या वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे, "वडिलांनी वाचले. तिसरी गोष्ट वर्गात बोलल्याशिवाय देऊ नये." त्याखालची नोंद शेतमजूर आईच्या मुलाची आहे. त्याने पुस्तक आठ दिवस ठेवले होते आणि रकान्यात लिहिले आहे, "आईला रोज एक वाचून दाखवली. तीन राहिल्यात, पुन्हा पाहिजे."